डासाच्या पोटात साखर

ऑक्टोबरची संध्याकाळ. धान निसवलंय, बांधीत घोटाभर पाणी अजून आहे आणि तुम्ही धुऱ्यावर उभे आहात. दिवस मावळला की पाच मिनिटांत कानाशी गुणगुण सुरू होते. भंडारा जिल्ह्यातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. आपला जिल्हाच तलावांचा! गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले मामा तलाव, शेताशेतातल्या बोड्या, वैनगंगेच्या काठची डबकी आणि रोवणीपासून कापणीपर्यंत पाणी धरून ठेवणाऱ्या हजारो बांध्या. डासांना राहायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

आता एक हिशेब करा. डासाची एक मादी एका खेपेला शंभर-दोनशे अंडी घालते. अशा किती माद्या एका बांधीत येत असतील? आणि अशा बांध्या किती? दुसरीकडे तुमच्या गावातली माणसं मोजा, गोठ्यातल्या गायी, म्हशी, बैल मोजा, शेळ्या-कोंबड्याही धरा. डासांच्या मानाने आकडा अगदीच लहान येतो. शिवाय बांध्या गावापासून लांब. रात्री तिथे माणूस नाही, गुरं नाहीत, तरी डास मात्र आहेतच.

तुमच्यापैकी कुणी ना कुणी आबाजींना विचारलंच असेल, "का जी आबाजी, एवढे सारे मच्छर खातेत तरी का?"

"रगत पेतेत, आणखी का खातील? माणूस नाही भेटला त बैलाचं पेतेत."

आबाजींचं म्हणणं खोटं नाही. बैलाचं तर अगदी खरं आहे. धानाच्या पाण्यात वाढणाऱ्या कितीतरी डासांना माणसापेक्षा गुरंच जास्त आवडतात. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा अॅनोफिलीस क्युलिसिफेसीस हा डास आधी गोठ्याकडे वळतो. पण रक्त हे डासाचं रोजचं जेवण नाही. रोजचं जेवण वेगळंच आहे. ते गोड आहे आणि झाडांवर मिळतं.

होय, साखर! जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत, त्यातल्या सुमारे चारशे आपल्या देशात सापडतात. या बहुतेक सगळ्या जातींचे डास, नर आणि मादी दोघंही, फुलातला मध, झाडाचा गोड रस, पिकलेल्या फळाचं पाणी यांवर जगतात. उडायला जी ताकद लागते ती याच साखरेतून मिळते. पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या डासाची पहिली धाव बऱ्याचदा गोडाकडेच असते. नर तर जन्मभर रक्ताला शिवत नाही. कातडीत शिरेल अशी धारदार सोंडच त्याच्याकडे नसते. साखर मिळाली नाही तर तो थोड्याच दिवसांत मरून जातो.

नर ओळखायचा कसा? भिंतीवर बसलेला डास भिंगातून बघा. डोक्यावर दोन मिशा दिसतील. त्या दाट, केसाळ, पिसासारख्या असल्या तर तो नर. मिशांवर मोजकेच विरळ केस असले तर ती मादी. नराला एवढ्या केसाळ मिशा कशाला? त्या त्याच्या कानांचं काम करतात. मादीच्या पंखांची गुणगुण त्याला त्यांनीच ऐकू येते.

मग मादी रक्त का पिते? अंड्यांसाठी. शंभर-दोनशे अंडी भरायची तर प्रथिनं हवीत आणि फुलाच्या रसात ती नावालाच असतात. रक्तात मात्र भरपूर. म्हणून ती दोन-तीन मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं रक्त पिते, त्यातलं जास्तीचं पाणी लगेच बाहेर टाकते आणि पुढचे दोन-तीन दिवस गोठ्याच्या भिंतीवर किंवा घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प बसून ते पचवते. अंडी पाण्यावर सोडली की पुन्हा गोडाचा शोध सुरू.

तिच्या शरीरात या दोन जेवणांची सोयही वेगवेगळी आहे, आणि मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात नवलाची वाटते. प्यालेलं रक्त थेट मधल्या जठरात जातं आणि लगेच पचायला लागतं. साखरेचा रस मात्र आधी बाजूच्या एका पातळ पिशवीत साठतो. ही पिशवी म्हणजे तिची शिदोरी. उडताना लागेल तसा त्यातून थेंब थेंब रस जठरात सोडायचा. त्यामुळे पोटात गोड असलं तरी रक्तासाठी जागा मोकळीच राहते. एवढ्याशा जिवात, जो तुमच्या नखावर मावतो, दोन पदार्थांसाठी दोन वाटा!

आता गोड मिळतं कुठे ते बघू. फुलं तर झालीच. पण झाडांवर गोड सापडतं ते फक्त फुलांतच नव्हे. तुमच्या परसात किंवा शेताच्या कडेला एरंड असेलच. उद्या सकाळी त्याचं एक पान उलटवून बघा. देठ जिथे पानाला जोडलेला असतो तिथे टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरवट गाठी दिसतील. देठावर खालीही एखादी सापडेल. नीट बघितलं तर त्या गाठींवर चमकणारा बारीक थेंब असतो. तो गोड असतो. जवळपास मुंग्याही फिरताना दिसतील, त्या त्याच थेंबासाठी आलेल्या. रात्री डास येतात तेही याच थेंबावर. आफ्रिकेत केनियामध्ये शास्त्रज्ञांनी हिवतापाच्या डासांपुढे वेगवेगळी झाडं ठेवून पाहिली, तेव्हा डासांना फार आवडलेल्या झाडांत एरंड होता. (एरंडाची बी विषारी असते. गाठी बघा, पण बी तोंडात घालू नका आणि नंतर हात धुवा.)

दुसरं ठिकाण आहे मावा. धान निघायच्या सुमाराला ओल्या बांधीत आपल्याकडे लाखोळी पेरतात. धुऱ्यावर तूर असते, कुंपणावर वालाचा वेल. त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर काळे-हिरवे बारीक किडे चिकटून बसतात, तो मावा. मावा झाडाचा रस शोषतो, पण त्या रसात साखर इतकी जास्त असते की त्याला ती सगळी पचत नाही. उरलेली तो शेपटाकडून थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. पानं हाताला चिकट लागतात ती त्यामुळे. शेतकऱ्याला हा चिकटा नको असतो, पण मुंग्यांना, माश्यांना आणि डासांना तो आवडतो. याखेरीज काही डास थेट कोवळ्या खोडात किंवा पानात सोंड घालून रस ओढतात, अगदी आपल्या हातातून रक्त ओढतात तसाच. पडलेल्या, फुटलेल्या पिकल्या फळांवरही ते येतात. आफ्रिकेतल्या माली देशात गावोगावच्या फळांची तपासणी झाली, तेव्हा हिवतापाच्या डासांना खेचणाऱ्या फळांत पेरू वरच्या क्रमांकाला होता.

तुम्ही म्हणाल, अंधारात एवढासा डास काय खातो हे शास्त्रज्ञांना कळलं कसं? डासाच्या मागे मागे तर फिरता येत नाही. मग त्यांनी पोटच तपासलं. फुलांच्या आणि फळांच्या रसात फ्रुक्टोज नावाची साखर असते. रक्तात ती जवळपास नसते, तिथे असतं ग्लुकोज. अँथ्रोन नावाचं एक पिवळसर रसायन आहे. तीव्र आम्लात मिसळलेलं हे रसायन फ्रुक्टोज भेटलं की न तापवताच निळं-हिरवं होतं. रंग बदलला, म्हणजे डास झाडावर जेवून आला! फ्लोरिडातल्या व्हॅन हँडेल या शास्त्रज्ञाने 1972 मध्ये ही पद्धत डासांसाठी वापरून दाखवली. आता तर याच्याही पुढची सोय आहे. डासाच्या पोटातल्या वनस्पतीच्या कणांतला डीएनए वाचून त्याने नेमक्या कोणत्या झाडाचा रस प्याला हेही सांगता येतं.

या तपासणीतून एक नाव पुढे आलं. ते वाचल्यावर तुम्ही शाळेच्या वाटेकडे नव्या नजरेने बघाल. गाजरगवत! 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलेलं हे परदेशी तण आज महाराष्ट्रभर आहे. रस्त्याच्या कडा, पडीक जागा, शाळेमागचं मैदान, कुठेही त्याची पांढरी बारीक फुलं दिसतात. केनियातल्या शास्त्रज्ञांना 2015 मध्ये दिसलं की हिवतापाच्या डासांच्या माद्या गाजरगवताचा रस पितात आणि त्यावर चांगला तग धरतात. आता नीट विचार करा. हिवतापाचा जंतू मादीच्या पोटात गेला की लगेच दुसऱ्याला लागत नाही. तो तिच्या शरीरात वाढायला दहा-बारा दिवस घेतो. तोवर मादी जगली तरच ती हिवताप पसरवणार. म्हणजे मादीला रोज साखर मिळणं, तिचं आयुष्य लांबणं आणि माणसाला ताप येणं हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. आपल्याकडे दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट असा गाजरगवत जागृती सप्ताह असतो. आणि त्यातलीच 20 ऑगस्ट ही तारीख जागतिक डास दिवसाची! 1897 मध्ये त्याच दिवशी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू सापडला होता.

असाच प्रयोग मालीत झाला, तो वेड्या बाभळीवर. हे झाडही परदेशातून तिथे पसरलेलं, आपल्याकडे आलंय तसंच. शास्त्रज्ञांनी काही गावांत वेड्या बाभळीच्या फुलांनी लगडलेल्या फांद्या तोडून टाकल्या, काही गावांत तशाच ठेवल्या. फांद्या तोडलेल्या गावांत सापळ्यात सापडणारे डास निम्म्याहून जास्त घटले, आणि सगळ्यात जास्त घटल्या त्या म्हाताऱ्या माद्या. रोग पसरवतात त्या याच. फवारणी नाही, औषध नाही, फक्त त्यांचं जेवण काढून घेतलं.

पण फुलांवर जाणारा डास फक्त घेतच नाही, कधी देतोही. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात दलदलीत वाढणारं हिरवट फुलांचं एक छोटं ऑर्किड आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्याच्या फुलांचा वास डासांना ओढून आणतो. डास आत डोकं घालून रस पितो तेव्हा परागाची पिवळी गाठोडी त्याच्या डोळ्याला चिकटते. ती घेऊनच तो पुढच्या फुलावर जातो आणि तिथे फलन होतं. डोळ्यावर पराग बाळगणारा डास! त्याचे फोटो बघायला मिळाले तर जरूर बघा.

आता पाण्याकडे वळू, कारण डासाचं बालपण पाण्यात जातं आणि तिथला आहार आणखी वेगळा. अंड्यातून बाहेर पडतात त्या वळवळणाऱ्या अळ्या. त्यांना ना रक्त, ना साखर. पाण्यातले जिवाणू, शेवाळाचे कण, कुजलेल्या पानांचा चुरा, पाण्यावर पडलेले पराग हेच त्यांचं अन्न. तोंडाशी केसांचे दोन झुबके असतात. ते सतत हलवून अळी पाण्याचा प्रवाह तोंडाकडे ओढते आणि त्यातले कण गाळून खाते.

बसायची तऱ्हाही जातीप्रमाणे बदलते. गटाराच्या किंवा धानाच्या पाण्यातली क्यूलेक्सची अळी शेपटाकडची श्वासनळी वर टेकवते आणि डोकं खाली करून तिरकी लोंबकळते. तिला पाण्यातलं खालचं अन्न मिळतं. अॅनोफिलीसच्या अळीला नळीच नाही. ती पाण्याच्या पृष्ठाला लागून आडवी पडते, पाठ वर. पण तिचं अन्न तर पाण्यावर तरंगत असतं आणि तोंड खालच्या बाजूला! मग ती काय करते? मान अर्धा वळसा फिरवते. धड जसंच्या तसं, डोकं मात्र उलटं, आणि वरचे कण खायला सुरुवात. धोका वाटला की क्षणात डोकं पुन्हा सरळ. भिंग आणि थोडा धीर असेल तर हे तुम्हाला बांधीतल्या पाण्यात दिसू शकतं.

आठवडाभर, फार तर दहा दिवस अळी नुसती खात राहते. मग तिचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोष होतो. कोष हलतो, गोते खातो, पण काहीही खात नाही. तिथे दोन दिवस उपवास. तो संपला की पंख असलेला डास बाहेर येतो.

अळीपणी किती खाल्लं याचा परिणाम पुढे आयुष्यभर राहतो. पोटभर खाऊन वाढलेली अळी मोठा डास होते. काही जातींत तर अळीपणी साठवलेल्या प्रथिनांवर मादी पहिली अंडी रक्त न पिताच घालते. आणि हे पार टोकाला गेलेलं बघायचं असेल तर हत्ती-डास बघा. त्याचं शास्त्रीय नाव टॉक्सोऱ्हिंकायटिस. तो आपल्या देशातही आहे. झाडाच्या ढोलीतल्या, तोडलेल्या बांबूच्या पेरातल्या पाण्यात तो वाढतो. नेहमीच्या डासाहून तो कितीतरी मोठा, अंगावर निळी-हिरवी चमक आणि सोंड खाली वाकलेली. त्याला बघून कुणीही घाबरेल, पण त्याची मादी कधीच कुणाला चावत नाही. नर-मादी दोघंही फक्त गोड रसावर जगतात. मग अंड्यांसाठी प्रथिनं कुठून आणतात? अळीपणीच मिळवलेली असतात. हत्ती-डासाची अळी दुसऱ्या डासांच्या अळ्या पकडून खाते, एकटी शंभराहून जास्त! आमच्यासारख्यांना हा डास आवडेल नाही तर काय.

आणखी एक प्रजाती (म्हणजे जातींचा गट) आहे मलाया नावाची. आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण भागांत ती आढळते. तिचं जेवण तर मुंगीच्या तोंडातलं. झाडाच्या खोडावरून माव्याचा गोड रस पिऊन मुंग्यांची रांग परतत असते. हा डास तिथे मुंगीच्या समोर येतो, मिशांनी आणि पायांनी तिला थोपवतो, सोंड तिच्या तोंडाशी नेतो आणि मुंगीने बाहेर काढलेला थेंब पिऊन टाकतो. मुंगी आपल्या वाटेने जाते, डास पुढच्या मुंगीची वाट बघतो.

एक जात मात्र या सगळ्याला अपवाद आहे, आणि ती आपल्या घरातच राहते. डेंग्यूचा एडिस ईजिप्ती डास तुम्हाला माहीत आहे, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असणारा. तो कूलरच्या, माठाच्या, टायरमधल्या पाण्यात वाढतो. घरात माणसं हाताशी आणि फुलं दूर. त्याची मादी साखर कमी घेते, उडायची ताकदही बरीचशी रक्तातूनच मिळवते. म्हणून एका खेपेच्या अंड्यांसाठी ती अनेकदा चावते, कधी एकाच घरातल्या चार जणांना. घरात एकाला डेंग्यू झाला की पाठोपाठ दुसऱ्याला होतो त्याचं हे एक कारण. आरोग्यसेविका ताई आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायला सांगतात आणि माठ, टाक्या, कूलर घासून रिकामे करायला लावतात ते याच डासासाठी. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. दर आठवड्याला पाणी ओतून दिलं की अळीचं जेवण मध्येच संपतं.

बाकीच्या डासांसाठी शास्त्रज्ञांनी त्यांच्या गोड खाण्याचाच सापळा केला आहे. साखर, फळाचा रस आणि थोडं विष असं मिश्रण एका चपट्या पाकिटात भरतात, वर पातळ पडदा लावतात आणि ते घराच्या बाहेरच्या भिंतीवर टांगतात. पडदा का? कारण मधमाशी त्यातून रस पिऊ शकत नाही, डास मात्र सोंड खुपसून पितो. असे सापळे मालीतल्या गावांत लावून पाहिले तेव्हा तिथे डास कमी झाले. फुलांवर जगणाऱ्या इतर किड्यांना धक्का न लावता फक्त डासच पकडायचा, हे यातलं खरं कठीण काम आहे आणि म्हणून मला तो पडदा फार हुशारीचा वाटतो.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर असं करा. दिवाळीच्या सुटीत एखाद्या संध्याकाळी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन परसातल्या एरंडाजवळ किंवा माव्याने चिकट झालेल्या वालाच्या वेलाजवळ जा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद दोन पदर करून लावा. डासांना लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे ते बसल्या जागेवरून लगेच उडत नाहीत. दिवस मावळल्यानंतरचे पहिले एक-दोन तास बघण्यासारखे. गाठींवर, फुलांवर, पानाच्या मागे हळूहळू उजेड फिरवा. डास दिसला तर वहीत झाडाचं नाव, तारीख आणि वेळ लिहा. मिशा केसाळ की विरळ तेही नोंदवा. पोट लाल आहे की पारदर्शक, तेही बघा: रक्त प्यालेलीचं पोट लाल-काळं दिसतं, नुसत्या रसावर असलेल्याचं उजेडात आरपार दिसतं.